राखीव किंमत आणि ऑटो-बिड: ऑनलाइन लिलावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किंमत एकदम कशी उडाली? एकदाच बोली लावली, तर नावावर सहा बोल्या कशा? सर्वांत मोठी बोली आपलीच होती, तरी वस्तू का मिळाली नाही? ऑनलाइन लिलावाबद्दलच्या बहुतेक तक्रारी या तीन प्रश्नांभोवती फिरतात, आणि बहुतेकांचे उत्तर यंत्रणा आकडे कोणत्या क्रमाने मोजते यात सापडते. खालच्या उदाहरणांत चलन मुद्दाम लिहिलेले नाही. तुम्ही ज्या चलनात बोली लावता, तेच धरा.

राखीव किंमत, सुरुवातीची बोली आणि अंदाजित किंमत या एकच गोष्टी आहेत का?

नाहीत. सुरुवातीची बोली म्हणजे लिलाव जिथून उघडतो तो आकडा, आणि तो सगळ्यांना दिसतो. राखीव किंमत, म्हणजे रिझर्व्ह, हा विक्रेत्याने ठरवलेला आणि बहुधा झाकून ठेवलेला आकडा. बोली तिथवर पोचली नाही, तर वस्तू विकण्याचे बंधन विक्रेत्यावर राहत नाही. अंदाजित किंमत ही जाणकाराची अटकळ असते आणि ती दोन आकड्यांत सांगतात. क्रिस्टीज, सदबीज अशा मोठ्या लिलावगृहांच्या अटींनुसार राखीव किंमत अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा वर ठेवता येत नाही. म्हणजे अंदाज ३,००० ते ४,००० छापला असेल, तर राखीव किंमत फार तर ३,००० असणार. हा नियम पाळणाऱ्या ठिकाणी तुम्हाला राखीव किमतीची वरची मर्यादा फुकटात कळते.

राखीव किंमत किती आहे हे आधी कळू शकते का?

पानावर फक्त ‘राखीव किंमत गाठलेली नाही’ किंवा ‘गाठली’ एवढेच दिसते. विक्रेत्याला विचारायला हरकत नाही. काही जण सांगतात. थोडी थोडी बोली वाढवत चाचपून बघायची युक्ती मात्र महागात पडते, कारण राखीव किंमत सापडते त्याच क्षणी तुमची बोली बंधनकारक झालेली असते.

ऑटो-बिड नेमकी चालते कशी?

तुम्ही यंत्रणेला तुमचा शेवटचा आकडा सांगता: ‘इथपर्यंत जा, पुढे नाही.’ हा आकडा म्हणजे तुमची कमाल बोली. यंत्रणा तो झाकून ठेवते आणि पुढे राहण्यासाठी लागेल तेवढीच बोली तुमच्या वतीने लावते.

समजा सुरुवातीची बोली ५००, बोलीचा टप्पा (म्हणजे बोली एका वेळी किमान जेवढ्याने वाढते तो आकडा) ५०, राखीव किंमत नाही.

अ ने कमाल १,२०० भरले. समोर कोणीच नाही, म्हणून पानावर ५०० दिसतात.

ब ने ८०० भरले. ब ला त्याच सेकंदाला कळते की त्याच्यावर बोली गेली आहे. पानावर ८५० आणि पुढे अ. म्हणजे ब चे ८०० अधिक एक टप्पा.

मग क ने १,१८० भरले. नियमाप्रमाणे अ ची बोली १,२३० व्हायला हवी, पण अ ची मर्यादा १,२०० आहे. यंत्रणा मर्यादा कधीच ओलांडत नाही, त्यामुळे पानावर १,२०० येतात आणि अ पुढेच राहतो. इथे अ आणि क यांच्यात पूर्ण टप्प्याचे अंतर नाही, फक्त २० चे आहे. हे अंतर लक्षात ठेवा, पुढच्या एका प्रश्नात तेच कामाला येईल.

थोडक्यात, जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाच्या कमाल बोलीवर एक टप्पा देतो, पण स्वतःच्या कमालीपेक्षा जास्त कधीच देत नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ साली बंद पाकिटातल्या ज्या लिलावाचा सिद्धांत मांडला, त्यात सर्वांत मोठी बोली जिंकते पण किंमत दुसऱ्या क्रमांकाची लागते. ऑटो-बिड म्हणजे तोच लिलाव, फक्त हप्त्याहप्त्याने उघड होणारा. टपालाने पोस्टाच्या तिकिटांचे लिलाव करणारे व्यापारी तर ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वापरत होते.

मी एकदाच बोली लावली. इतिहासात माझ्या नावावर सहा बोल्या का दिसतात?

दर वेळी कोणीतरी आव्हान दिले आणि यंत्रणेने तुमच्या वतीने उत्तर दिले, त्याच्या त्या नोंदी आहेत. वेळ बघा: अनेक ठिकाणी तुमची नोंद आणि समोरच्याची नोंद एकाच सेकंदाची दिसते.

राखीव किंमत असलेल्या वस्तूवर ऑटो-बिड काय करते?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून एकेक शक्यता पाहू. राखीव किंमत २,०००, सुरुवातीची बोली ५००, टप्पा ५०.

अ एकटाच आहे आणि त्याने कमाल २,५०० भरले. पानावर ५०० येतील असे त्याला वाटते, पण येतात थेट २,०००, सोबत ‘राखीव किंमत गाठली’. कोणी बनावट बोली लावलेली नाही. कमाल बोली राखीव किमतीएवढी किंवा जास्त असेल, तर यंत्रणा बोली उचलून नेमकी राखीव किमतीवर ठेवते. विक्रेत्याला मुळात त्याखाली विकायचेच नाही, त्यामुळे मधल्या पायऱ्यांना अर्थ उरत नाही. यात टप्पा मिळवला जात नाही हेही बघा: बोली २,०००, २,०५० नव्हे.

आता अ ने कमाल १,८०० भरले असे धरा. राखीव किंमत गाठली जाणार नाही. काही ठिकाणी पानावर ५०० च राहतात आणि खेळ नेहमीसारखा चालतो. काही लिलावगृहांच्या यंत्रणा मात्र तुमचे पूर्ण १,८०० मांडून टाकतात, कारण त्यांच्या दृष्टीने तुमची झुंज राखीव किमतीशी आहे. पैशांचे नुकसान दोन्हीकडे नाही. दुसऱ्या पद्धतीत तुमची मर्यादा मात्र सगळ्यांसमोर उघडी पडते, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला ती आयती मिळते. भरायच्या आधी त्या ठिकाणी कोणती पद्धत आहे ते नियमांत शोधा.

अ चे १,८०० पडून आहेत आणि ब ने २,२०० भरले. अ वर एक टप्पा म्हणजे १,८५०, पण राखीव किंमत २,०००. या दोनांतला मोठा आकडा घ्यायचा, म्हणून ब ची बोली २,०००. अ ने १,८०० ऐवजी १,९७० भरले असते, तर १,९७० अधिक ५० म्हणजे २,०२०, आणि तीच किंमत लागली असती. अ ने नेमके २,००० भरले असते, तर राखीव किंमत त्यानेच गाठली असती आणि ब ला २,०५० द्यावे लागले असते.

एका ओळीत: राखीव किंमत आणि ‘दुसऱ्याची कमाल अधिक टप्पा’ यांतला मोठा आकडा, पण जिंकणाऱ्याच्या कमालीपेक्षा जास्त कधीच नाही. पानावर दिसणारा कुठलाही चमत्कारिक आकडा या ओळीत घालून बघा, बहुतेक वेळा तो बसतो.

पुढे मीच होतो. मी माझीच कमाल वाढवली आणि किंमतही वाढली. मी स्वतःवरच बोली लावली का?

नाही, पण शंका रास्त आहे. एरवी कमाल वाढवल्याने दिसणारी किंमत हलत नाही. दोन प्रसंगी ती हलते.

एक: राखीव किंमत गाठलेली नव्हती आणि तुमच्या नव्या कमालीने ती गाठली. मग बोली राखीव किमतीवर जाते.

दोन: आधीच्या उदाहरणातले ते २० चे अंतर. अ १,२०० वर आणि क १,१८० वर अडकले होते. आता अ ने कमाल वाढवून २,००० केली. यंत्रणेकडे पूर्ण टप्पा घ्यायला जागा झाली, म्हणून ती क चे १,१८० अधिक ५० असा हिशोब करून १,२३० दाखवते. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर हे असेच घडते. तिसरा कोणी नसताना किंमत ३० ने वाढलेली दिसते आणि फसवल्यासारखे वाटते. टाळायचे असेल तर उपाय सोपा आहे: पहिल्यांदाच खरा शेवटचा आकडा भरा.

कमाल बोली किती भरावी?

जिच्यापेक्षा एक पैसाही जास्त द्यायला तुम्ही तयार नाही, ती रक्कम. लोकांना वाटते की मोठा आकडा भरला तर तेवढे पैसे जातील. किंमत तुमचा आकडा ठरवत नाही, दुसऱ्याचा आकडा आणि राखीव किंमत ठरवतात. तुमचा आकडा फक्त कुठवर टिकायचे ते ठरवतो. कमी भरलात तर स्वस्तात मिळण्याची शक्यता वाढत नाही, हातची वस्तू जाण्याची तेवढी वाढते.

फक्त ही रक्कम सगळा खर्च वजा करून काढा. बऱ्याच लिलावगृहांत हातोडा पडलेल्या, म्हणजे जिंकलेल्या बोलीच्या, किमतीवर खरेदीदाराकडून टक्केवारीने जादा शुल्क घेतात, वर पाठवणीचा खर्च आणि कर. समजा खिशातून एकूण १०,००० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, पाठवणी ७०० आणि खरेदीदार शुल्क २० टक्के. आधी पाठवणी वजा करा: ९,३००. त्याला १.२० ने भागा: ७,७५०. तुमची कमाल बोली ७,७५०. बरेच जण १०,००० मधून २० टक्के काढून मग ७०० वजा करतात आणि ७,३०० वर थांबतात. म्हणजे ४५० कमी भरून हरतात. शुल्कावर कर असेल तर तोही टक्केवारीत मिळवून मगच भागा.

वापरलेली किंवा जुनी वस्तू असेल, तर जिंकलात याचा एक अर्थ असाही होतो की बाकी सगळ्यांनी तिची किंमत तुमच्यापेक्षा कमी धरली. त्यांना दिसलेला एखादा दोष तुम्हाला दिसला नसेल. छायाचित्रे मोठी करून बघा, स्थितीचा अहवाल मागवा, आणि शंका राहिलीच तर ती आकड्यातून वजा करा.

१,००० ऐवजी १,०१३ भरल्याने फरक पडतो का?

टप्प्यांच्या मधले आकडे चालत असतील, तर पडतो. तुमची बोली दिसणाऱ्या किमतीपेक्षा किमान एक टप्पा वर असावी लागते, पण समोरच्याच्या झाकलेल्या कमालीपेक्षा ती एका पैशानेही वर असली तरी पुरते. समोरचा १,००० वर थांबलेला, पानावर ७००, आणि तुम्ही १,०१३ भरले: तुम्ही पुढे, किंमत १,०१३. माणसे सवयीने गोल आकड्यावर थांबतात, म्हणून गोल आकड्याच्या किंचित वर थांबणे शहाणपणाचे. काही ठिकाणी मधला आकडा आपोआप खालच्या टप्प्यावर उतरवतात. तिथे ही मात्रा चालत नाही.

टप्पा किमतीनुसार बदलतो हेही ध्यानात असू द्या. ईबेच्या डॉलरमधल्या तक्त्यात २५ ते ९९.९९ डॉलरपर्यंत टप्पा १ डॉलरचा आहे, १०० ते २४९.९९ पर्यंत २.५० चा आणि ५०० ते ९९९.९९ पर्यंत १० चा.

दोघांची कमाल बोली अगदी सारखी असेल तर?

आधी भरणारा जिंकतो आणि त्याला पूर्ण कमाल द्यावी लागते. आकडा ठरलेला असेल तर लवकर भरण्याचा हा एक ठोस फायदा.

मग शेवटच्या सेकंदाला बोली लावण्यात काही अर्थ आहे का?

लिलाव कसा संपतो यावर ते अवलंबून आहे.

काही ठिकाणी वेळ ठरलेली असते आणि घड्याळ शून्यावर आले की खेळ खलास. तिथे उशिरा येण्याचा फायदा असतो, कारण अनेक लोक खरी कमाल भरत नाहीत. ते थोडी थोडी बोली वाढवतात आणि मागे पडले की पुन्हा वाढवतात. शेवटच्या दहा सेकंदांत त्यांना उत्तर द्यायला वेळच उरत नाही. समोरच्याने खरी कमाल भरून ठेवली असेल, तर मात्र शेवटच्या सेकंदाची बोलीही त्यावर आपटून परत येते. तुमचा आकडा त्याच्यापेक्षा मोठा असेल तरच जिंकाल, आणि तो दोन दिवस आधीही जिंकलाच असता.

दुसरी पद्धत म्हणजे शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते. लिलावदार ‘एक वार, दोन वार’ म्हणत थांबतो आणि नवी बोली आली की पुन्हा पहिल्यापासून मोजतो, त्याचेच हे यांत्रिक रूप. इथे शेवटच्या सेकंदाचे कौतुक उरत नाही. अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ठरल्या वेळी बंद होणारे ईबेचे लिलाव आणि शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की लांबणारे ॲमेझॉनचे तेव्हाचे लिलाव यांची तुलना केली. अखेरच्या क्षणी बोली लावण्याचे प्रमाण ईबेवर ठळकपणे जास्त निघाले.

उशिरा बोली लावायचीच असेल तर वेळ सर्व्हरची धरा, हातातल्या घड्याळाची नाही. आधीच लॉगिन करा, पैसे भरण्याची पद्धत तपासून ठेवा, आणि ‘बोली निश्चित करा’ हे दुसरे बटण लागते का ते आधी बघा. हातून निसटणाऱ्या कित्येक बोल्या त्या दुसऱ्या बटणापाशी अडकतात. तुमचा पासवर्ड घेऊन शेवटच्या सेकंदाला बोली लावणाऱ्या बाहेरच्या सेवा वापरू नका. खाते तुमचे, जबाबदारी तुमची आणि किल्ली दुसऱ्याकडे, असा तो व्यवहार होतो.

माझी कमाल बोली विक्रेत्याला दिसते का?

दिसता कामा नये, आणि प्रामाणिक यंत्रणेत दिसत नाही. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. १७९७ साली जर्मन कवी गटे याने आपल्या नव्या काव्याच्या हस्तलिखितासाठी प्रकाशकाला एक अट घातली. आपली किंमत त्याने बंद पाकिटात एका मध्यस्थाकडे ठेवली. प्रकाशकाचा देकार तिच्यापेक्षा कमी आला तर व्यवहार रद्द, जास्त आला तर पाकिटातल्याच किमतीला सौदा. म्हणजे राखीव किंमत आणि झाकलेली बोली, दोन्ही एकत्र. पाकिटात १,००० थालेर (तेव्हाचे जर्मन चांदीचे नाणे) हा आकडा होता. मध्यस्थाने आकडा प्रकाशकाला फोडला आणि देकार आला नेमका १,००० चा. प्रकाशक खरोखर किती द्यायला तयार होता, हे गटेला कधीच कळले नाही. झाकलेला आकडा एका बाजूला फुटला की लिलाव नावापुरता उरतो.

बनावट बोल्या कशा ओळखायच्या?

विक्रेत्याने स्वतः किंवा हस्तकामार्फत किंमत फुगवण्यासाठी लावलेली बोली ती बनावट. बहुतेक ठिकाणी ती नियमबाह्य आहे आणि अनेक देशांत कायद्यानेही. (लिलावगृहात लिलावदाराने राखीव किमतीच्या खाली विक्रेत्याच्या वतीने बोली लावणे ही वेगळी गोष्ट. अटींत तसे छापलेले असेल तर ती मान्य असते, पण राखीव किमतीला पोचली की थांबावीच लागते.)

बोलींचा इतिहास उघडून एक चित्र शोधा. पुढे असलेल्याची झाकलेली कमाल ३,०००, पानावर १,४००. एक खाते पाच मिनिटांत १,६००, १,९००, २,२००, २,५००, २,८०० असे चढत जाते आणि मागे असतानाच थांबते. लगेच निष्कर्ष काढू नका; नवशिके खरेदीदारही अगदी असेच चढतात. त्या खात्याचा पूर्वेतिहास बघा: ते याच विक्रेत्याच्या वस्तूंवर सतत बोली लावते का, आणि कधीच काही जिंकत नाही का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर तक्रार करा.

दुसरा प्रकार जास्त धोकादायक आहे. कोणीतरी एकदम ५०,००० ची बोली लावतो. तुमची कमाल ३,००० असल्याने पानावर ३,०५० येतात आणि तुमचा आकडा उघडा पडतो. मग तो ‘चुकून लागली’ म्हणून बोली मागे घेतो आणि किंमत १,४०० वर परतते. थोड्या वेळाने दुसऱ्या खात्यावरून २,९५० येतात. वस्तू तुम्हालाच मिळते, पण ३,००० ला. तुमच्या वस्तूवर कोणीही बोली मागे घेतलेली दिसली, की तुमची कमाल फुटली असे धरूनच चाला आणि लिलावाच्या चालकांना कळवा.

मी विक्रेता आहे. राखीव किंमत ठेवू की सुरुवातीची बोलीच वर ठेवू?

आमचे मत स्पष्ट आहे: वस्तू फार मौल्यवान नसेल, तर झाकलेली राखीव किंमत टाळा. काटकर आणि रायली या संशोधकांनी पोकेमॉनच्या पत्त्यांच्या ५० जोड्या ईबेवर विकायला ठेवल्या. जोडीतल्या एका पत्त्याला उघड सुरुवातीची बोली होती, दुसऱ्याला तेवढीच पण झाकलेली राखीव किंमत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार झाकलेल्या राखीव किमतीने विक्रीची शक्यता घटली आणि मिळणारी किंमतही घटली. ‘राखीव किंमत गाठलेली नाही’ हे वाचून गंभीर खरेदीदार पुढे सरकतो, कारण वेळ वाया जाईल असे त्याला वाटते.

सुरुवातीची बोली कमी ठेवून गर्दी जमवायची आणि राखीव किमतीने स्वतःला जपायचे, हा विचार चुकीचा नाही. प्रश्न एवढाच की गर्दी जमण्याची ताकद राखीव किमतीपेक्षा मोठी असते. एक आखीव उदाहरण घ्या. प्रत्येक बोलीदाराच्या मनातली किंमत ० ते १०० मध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने, आणि वस्तू न विकल्यास तुम्हाला तिचे मोल शून्य. एकच बोलीदार आणि सर्वोत्तम राखीव किंमत, म्हणजे ५०: सरासरी उत्पन्न २५. राखीव किंमत न ठेवता दोन बोलीदार: ३३.३. दोन बोलीदार आणि राखीव किंमत ५०: ४१.७. राखीव किंमत न ठेवता तीन बोलीदार: ५०. अर्थतज्ज्ञ बुलो आणि क्लेम्परर यांनी १९९६ साली हे व्यापक पातळीवर सिद्ध केले: नेहमीच्या गृहीतकांत एक जादा बोलीदार उत्तमातल्या उत्तम राखीव किमतीपेक्षा जास्त मिळवून देतो. तेव्हा राखीव किंमत किती ठेवावी यावर तास घालवण्याआधी छायाचित्रे, मापे, दोषांचे खरे वर्णन आणि लिलाव संपण्याची सोयीची वेळ यांवर तो घालवा.

राखीव किंमत ठेवणारच असाल, तर त्या किमतीला विकून वाईट वाटणार नाही असा आकडा ठेवा. घेतानाची किंमत राखीव किंमत म्हणून ठेवणे ही हमखास होणारी चूक. तुम्ही किती मोजले याच्याशी बाजाराला देणेघेणे नसते. ठेवण्याचे शुल्क लागते का आणि वस्तू न विकल्यास ते परत मिळते का, हेही आधी तपासा.

लिलाव चालू असताना राखीव किंमत बदलता येते का?

खाली आणणे किंवा काढून टाकणे बऱ्याच ठिकाणी चालते. वर नेणे बहुधा नाही. खाली आणल्यावर आधीच्या बोल्यांचे काय होते ते नियमांत वाचा. काही यंत्रणा पडून असलेल्या कमाल बोल्या नव्या राखीव किमतीशी लगेच जुळवतात, त्यामुळे विसरून गेलेली बोली एका क्षणात बंधनकारक होऊ शकते.

राखीव किंमत गाठली गेली नाही, पण सर्वांत मोठी बोली माझी होती. आता?

वस्तू विकली गेली नाही आणि तुमच्यावरही काही बंधन नाही. विक्रेता तुम्हाला देकार देऊ शकतो किंवा पुन्हा लिलाव मांडू शकतो. काही लिलावगृहे सर्वांत मोठी बोली ‘मंजुरीच्या अटीवर’ धरून ठेवतात आणि विक्रेत्याला विचारतात. तिथे उत्तर येईपर्यंत तुम्ही मात्र बांधलेले असता. हा फरक मोठा आहे, आधी वाचा.

‘आता खरेदी करा’ हे बटण मध्येच नाहीसे का झाले?

राखीव किंमत नसेल तर अनेक ठिकाणी पहिल्या बोलीनंतर ते जाते, असेल तर ती गाठेपर्यंत राहते.

प्रत्यक्ष सभागृहातल्या लिलावात आधी ऑनलाइन कमाल भरून ठेवली. वस्तू माझ्याच आकड्याला दुसऱ्याला कशी गेली?

टप्प्यांची आळीपाळी तुमच्या विरुद्ध पडली. टप्पा १०० चा, तुमची मर्यादा १,०००. लिलावदाराने तुमच्या वतीने ७०० म्हटले, सभागृहातून ८००, तुमचे ९००, सभागृहातून १,०००. तुमचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून आला आणि तुमच्याकडे १,१०० ची परवानगी नाही. चांगला लिलावदार सुरुवात अशी करतो की तुमची मर्यादा तुमच्याच वाट्याला यावी, पण अशा आधी भरून ठेवलेल्या दोन-तीन बोल्या असल्या की ते नेहमी जमत नाही. बोली भरून ठेवण्याच्या अर्जात ‘गरज पडल्यास एक टप्पा जास्त’ अशी सोय असेल तर ती निवडा, आणि ती धरूनच मूळ मर्यादा ठरवा.

९९.५० ऐवजी ९,९५० भरले गेले. काय करू?

लगेच मागे घ्या. ईबेवर लिलाव संपायला १२ तासांपेक्षा कमी उरले असतील, तर बोली लावल्यापासून एका तासाच्या आतच ती मागे घेता येते. त्यानंतर विक्रेत्याला विनंती करणे एवढेच हातात राहते. मागे घेतल्यावर योग्य आकडा लगेच पुन्हा भरा, म्हणजे हेतू स्वच्छ होता हे दिसते.

मला एकच नग हवा आहे, पण तसे पाच लिलाव चालू आहेत. पाचही ठिकाणी ऑटो-बिड ठेवू का?

नाही. पाचही जिंकाल आणि पाचांचे पैसे द्यावे लागतील. जो आधी संपतो त्यावर बोली ठेवा, हरलात तर पुढच्यावर जा. अशा ओळीत पहिल्यावर कमाल थोडी कमी ठेवायला हरकत नाही, कारण मागे चार संधी उभ्या आहेत. शेवटच्यावर पूर्ण आकडा भरा.

विजेत्याने पैसे भरले नाहीत आणि वस्तू मला देऊ केली. ही किंमत योग्य आहे का?

असा देकार बहुधा तुमच्या कमाल बोलीच्या आकड्यावर येतो, कारण हरताना तुमची कमाल पूर्ण उघडी पडलेली असते. पण पळालेला विजेता नसता तर किंमत किती लागली असती ते काढा. तुमची कमाल ३,०००, तुमच्याखालचा १,४००, टप्पा ५०. त्याच्याविना तुम्हाला १,४५० ला मिळाली असती. राखीव किंमत २,००० असती तर २,००० ला. देकार स्वीकारायचे बंधन तुमच्यावर नाही. विक्रेत्याला हा हिशोब दाखवा आणि मधला आकडा मागा. विजेत्याचे खाते नवे असेल आणि त्या विक्रेत्याच्या आधीच्या लिलावांतही असेच घडलेले दिसत असेल, तर देकार नाकारा आणि पुन्हा मांडणी होण्याची वाट बघा.